रोजचं लिहिणं तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं, तेव्हा वहीत काय तपासायचं

बडोद्यात आम्ही काही जण गेली सहा वर्षं रोज लिहितो. लेखक म्हणावा असा आमच्यात कोणी नाही. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघते, एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले, एक जण कारेलीबागेत शिकवण्या घेते, दोघी घर सांभाळतात, एक मुलगा फाइन आर्ट्सला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, महिनाभरातलं एक पान वाचायचं, चहा प्यायचा आणि निघायचं, एवढाच नियम.

या सहा वर्षांत जे आले त्यांच्यापैकी बहुतेकांचं लिहिणं एकदा तरी बंद पडलं आहे. माझं चारदा पडलं. आणि दर वेळी माणूस तेच वाक्य घेऊन येतो: “माझ्यात चिकाटीच नाही.” हे निदान मला कधीच पटलेलं नाही. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही तर आपण तिच्या स्वभावाला दोष देत नाही. पेट्रोल बघतो, प्लग बघतो, बॅटरी बघतो. लिहिणं बंद पडतं तेव्हाही ते एका ठरावीक जागी अडलेलं असतं, आणि ती जागा बहुतेक वेळा वहीतच सापडते. ज्यांना गोष्टी, कविता, नाटुकली लिहायला हात तयार करायचा आहे आणि रोज लिहायचं ठरवूनही दोन-तीन आठवड्यांत थांबायला होतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शेवटची तीन पानं उघडा

नवी वही आणायचा मोह आवरा. जुनीच काढा. शेवटची लिहिलेली तीन पानं आणि त्यानंतरचं पहिलं कोरं पान समोर ठेवा. मजकूर लगेच वाचू नका, नुसतं बघा. कीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, तपासताना आकड्यांच्या आधी खाडाखोड दिसते, तसं.

मजकूर आखडत गेलेला असेल, म्हणजे आधी पान, मग अर्धं पान, मग सहा ओळी आणि शेवटी “आज विशेष काही नाही”, तर विषय संपलाय. तुम्ही दिवसाचा अहवाल लिहीत होता, आणि दिवस एकमेकांसारखे असतात.

उलट शेवटची पानं आधीच्यांपेक्षा मोठी असतील, चार-चार पानं भरभरून लिहिलेलं आणि मग एकदम कोरं, तर तुम्ही थकलात. कोणी सांगितलं नसताना स्वतःच काम वाढवून घेतलंत. याचा उपाय सोपा आहे म्हणून इथेच सांगून टाकते: खालची मर्यादा जशी ठरवता, तशी वरचीही ठरवा. आमच्याकडे कमीत कमी पाच ओळी आणि जास्तीत जास्त एक पान. पान भरलं की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी तुम्हाला स्वतःहून बोलावतं, कारण त्याचा शेवट तुम्हाला ठाऊक असतो.

खोडलेले शब्द, वर दुसरा शब्द, तोही खोडलेला, ओळ मधेच सोडलेली असं दिसत असेल तर अडचण भाषेची आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय, कारण आपल्या गावात हा बिघाड सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो.

पानं व्यवस्थित आहेत, लांबी सारखी आहे आणि एका तारखेला सगळं थांबलंय, तर कॅलेंडर काढा. त्या तारखेच्या शेजारी नवरात्र, उत्तरायण, लग्न किंवा आजारपण सापडेल.

आणि तारखांमध्येच भोकं असतील, सोमवारी आहे, मंगळवारी नाही, बुधवारी रात्री झोपेतल्या अक्षरात तीन ओळी, तर तुमच्या लिहिण्याला दिवसात जागाच मिळालेली नाही.

एकवीस दिवसांची गैरसमजूत

आमच्या वह्या मांडून बघितल्या तर निम्म्याहून जास्त सोळाव्या ते चोविसाव्या दिवसाच्या दरम्यान थांबलेल्या आहेत. हा योगायोग नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेलं असतं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. पुढे “कमीत कमी” गळलं, चेहराही गळला, आणि एकवीस दिवस उरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा नीट अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, पळायला जाणं अशी कामं लोकांनी रोज करायची होती. काम आपोआप व्हायला लागेपर्यंतचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवस इतका मोठा. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त दिवस लागले. लिहिणं यांतल्या कशाच्या जवळचं, ते सांगायला नको.

आता बाविसाव्या दिवशी काय होतं ते बघा. वही पहिल्या दिवसाइतकीच जड लागते. एकवीस धरून चाललेला माणूस म्हणतो, “सगळ्यांना जमतं, मला नाही.” सहासष्ट धरून चाललेल्याला ठाऊक असतं, की अजून तिसरा हिस्साच रस्ता झालाय. म्हणून सुरुवात करतानाच कॅलेंडरवर सहासष्टावा दिवस शोधून खूण करा. १ जूनला सुरू केलंत तर तो ५ ऑगस्टला येतो. मी स्वतः नव्या माणसाला शंभर दिवस सांगते.

वेळ ठरवली, पण टिकत नाही

मी पहिल्यांदा पहाटे पाचची वेळ धरली होती. त्याच वेळी आमच्याकडे नळाला पाणी येतं. नऊ दिवस पेन हातात घेऊन टाकीच्या आवाजाकडे कान लावून बसले आणि दहाव्या दिवशी सोडून दिलं. मग रात्री साडेदहा. रात्री डोळे मिटतात, आणि नवरात्र आलं की साडेदहाला बडोदा घराबाहेर असतं.

चूक घड्याळावर विसंबण्यात होती. पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेली एक साधी गोष्ट मला फार उपयोगी पडली: “अमुक झालं की मी तमुक करेन” अशा शब्दांत ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं. म्हणजे लिहिणं तासाला बांधायचं नाही, घडणाऱ्या गोष्टीला बांधायचं. रेल्वेतले काका म्हणतात, पूजेचं ताम्हन घासून पालथं घातलं की मी वही उघडतो. शिकवण्या घेणारीची खूण आहे शेवटच्या बॅचची शेवटची चप्पल दारातून गेली की.

माझी खूण आधी होती डब्याचं झाकण लावलं की. ओट्याशी उभ्यानेच सात मिनिटं लिहायचे. छान चाललं, पण रविवारी डबा नसतो आणि रविवारच कोरा राहायला लागला. रविवार कोरा राहिला की सोमवार डगमगतो. मग खूण बदलली, सकाळचा दुसरा चहा. तो आमच्याकडे वर्षाचे सगळे दिवस होतो. तेव्हा खूण निवडताना एवढं बघा, की ती रोज घडते ना, सुट्टीच्या दिवशीही. तिच्यानंतर लगेच कोणी तुम्हाला हाक मारत नाही ना. आणि वही त्या जागेपासून हात लांब केला की मिळते ना. वही दुसऱ्या खोलीत असेल तर तिच्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्हाला दोन कामं भेटतात.

खाडाखोडीची पानं: शब्द अडतो तेव्हा

पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हे नीट समजावून सांगावं लागतं. आपल्या दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या माणसाला अर्ध्या वाक्यात कळेल. आपण घरात मराठी बोलतो, गल्लीत आणि दुकानात गुजराती, कचेरीत हिंदी-इंग्रजी. आपल्यातले किती तरी जण गुजराती माध्यमात शिकलेले. बोलताना कुठेही अडत नाही. “अगाशीवर जा, पापड उलटून ये” हे मी रोज म्हणते. पण तेच वाक्य वहीत उतरवताना माझा हात “अगाशी”वर थांबला. खोडलं. “गच्ची” लिहिलं. आणि गच्ची लिहिल्याबरोबर मला पुण्याच्या मावशीची गच्ची दिसायला लागली, तिथली तुळस, तिथली पाण्याची टाकी. माझ्या अगाशीवरचे पापड कुठे गेले कळलंच नाही. ते पान तिथेच सुटलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे झालं. तीन दिवस मी इतकं सुंदर मराठी ऐकलं की चौथ्या दिवशी वही आणली. माझी पहिली वही ती. अकरा दिवस चालली. आज ती उघडली की दिसतं, मी मंचावरचं मराठी लिहायला बघत होते. जी भाषा माझ्या तोंडात नाही ती हातात कुठून येणार? प्रत्येक ओळीला दोन-दोन शब्द खोडलेले आहेत. तेव्हा मला वाटलं माझं मराठी कच्चं आहे. मराठी कच्चं नव्हतं. लिहिणारी आणि तपासणारी अशा दोघी एकाच वेळी एका पेनवर हात ठेवून होत्या.

उपाय हा: जो शब्द आधी आला तो लिहायचा. गुजराती असो, इंग्रजी असो, चुकीचा वाटत असो. त्याच्याखाली रेघ मारायची आणि पुढे जायचं. त्या वेळी शब्दकोश बघायचा नाही, आणि फोनमध्ये तर मुळीच शोधायचं नाही, कारण फोन उघडला की वीस मिनिटं गेली. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. शंका आली की रेघ, आणि पुढे.

रविवारी फक्त रेघ मारलेले शब्द वाचायचे. त्यांचे आपसूक तीन ढीग होतात. काही शब्दांना साधा मराठी शब्द असतो, तो त्या क्षणी आठवला नव्हता एवढंच. तो समासात लिहून ठेवा, पुढच्या वेळी येतो. काही शब्द तिथे तेच हवेत. मांडवीजवळच्या पोळेत, म्हणजे दाटीच्या जुन्या गल्लीत, घडणाऱ्या गोष्टीत “पोळ”च पाहिजे, तिला आळी म्हटलं की घरांची रचनाच बदलते. अगाशी आणि हिंचका (झोपाळा) मी आता खोडत नाही.

तिसरा ढीग लहान असतो आणि सगळ्यात मोलाचा. दोन्ही भाषांत आहेत पण अर्थाने सरकलेले शब्द. आमच्यातल्या एकीने एकदा “फावतं”खाली रेघ मारली होती. गुजरातीत “मने अहीं फावे छे” म्हणजे मला इथे बरं वाटतं, इथलं सगळं अंगवळणी पडलंय. आपण मराठीत म्हणतो “चोरांचं फावतं”, किंवा “फावल्या वेळात”. तिने विचार केला, की बडोद्यातली गुजराती मुलगी मराठी घरात सून म्हणून आली, सासू साताऱ्याहून नवीनच आलेली. सून फोनवर आपल्या आईला प्रेमाने सांगते, मला इथे फावतं. सासू स्वयंपाकघरातून ऐकते, आणि तिला ऐकू येतं, हिचं इथे फावलंय. एका रेघेतून तिला साडेतीन पानांची गोष्ट मिळाली. त्या दिवशी तिने “फावतं” खोडून “आवडतं” लिहिलं असतं तर वाक्य शुद्ध झालं असतं आणि गोष्ट गेली असती.

या बाबतीत मला सयाजीराव महाराजांचा विचार नेहमी येतो. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी बरोबरीने शिकवलं गेलं, ठरलेल्या वेळापत्रकाने, रोज. पुढे १९३१ साली याच बडोदा संस्थानाने ‘श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरू’ छापला. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द एका ओळीत मांडलेला कोश. माझे आजोबा संस्थानच्या एका कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या बोलण्यात या सगळ्या भाषा पाठीला पाठ लावून बसायच्या. ज्या गावाने शब्द असे शेजारी शेजारी बसवले, त्या गावात वहीत गुजराती शब्द उतरला म्हणून शरमायचं काही कारण मला दिसत नाही.

एक दिवस चुकला आणि मग सुटलंच

लॅलींच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मग आपलं का सुटतं? कारण आपण बाकी ओढतो. काल राहिलं म्हणून आज दोन पानं. आज जमलं नाही, तर उद्या तीन. चौथ्या दिवशी वही म्हणजे थकलेलं कर्ज होते आणि आपण तिच्यासमोरून जाणं टाळायला लागतो. हिशेबात मागची बाकी पुढे ओढावीच लागते. वहीत ओढायची नाही. चुकलेली तारीख कोरी सोडा आणि आजच्या तारखेने पाच ओळी लिहा. पानांवर “दिवस ४३”, “दिवस ४४” असे आकडेही घालू नका. एक दिवस गेला की पुन्हा एकपासून मोजायची वेळ येते आणि त्रेचाळीस दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, जे खोटं आहे.

सणांचं आधीच ठरवून ठेवा. नवरात्राचे नऊ दिवस आणि उत्तरायणाचे दोन, १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, आमच्यात एकच ओळ चालते. पण ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची हवी. “खूप मजा आली” चालत नाही. “मांज्याने कापलेल्या बोटाला चिकटपट्टी लावून पुन्हा फिरकी धरली” चालतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्यातल्या एकीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. तिच्या चार वह्या गेल्या. पाच आठवडे तिने पेन उचललं नाही आणि आम्हीही काही म्हटलं नाही. मग एक दिवस तिने घरातून बाहेर टाकलेल्या वस्तूंची यादी लिहायला घेतली. रोज एक वस्तू, एक ओळ: गादी, शिलाई मशीनचं लाकडी टेबल, मुलाचा पहिला बूट. मोठा खंड पडल्यावर परत यायचं असेल तर यादीसारखं दार दुसरं नाही. तिला सुरुवात-शेवट लागत नाही आणि चांगलं लिहिण्याचं ओझंही नसतं.

“आज विशेष काही नाही”

आखडत गेलेल्या पानांकडे येते. सुचेल तेव्हा लिहू, हा यावरचा सर्वमान्य सल्ला आहे आणि तो उलटा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ साली विद्यापीठातल्या शिक्षकांचे तीन गट केले होते. एका गटाने अगदी निकड असेल तरच लिहायचं, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा, तिसऱ्याने मनात असो-नसो रोज लिहायचं. पानं तिसऱ्या गटाची जास्त झाली यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या: साधारण रोज एक. मनाजोगतं लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक.

तरी “रोज लिहा” म्हटल्याने आज काय लिहायचं ते कळत नाही. ते मला आमच्या फाइन आर्ट्सच्या मुलाने दाखवलं. विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० साली सुरू झाली आणि इंदूरला जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्याच सुमारास तिथे चित्रकला शिकवायला आले. तिथली मुलं स्केचबुक घेऊन स्टेशनवर, कमाटीबागेत बसलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. मी त्याची एक वही चाळली. अकरा पानांवर नुसते हात होते. तिकीट धरलेला हात, डोक्याखाली घेतलेला हात, चहाचा ग्लास दोन बोटांत धरलेला हात. मी विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, “मावशी, पहिले चार हात डोक्यातले असतात. पाचव्यापासून दिसायला लागतं.”

तेव्हापासून आम्ही “आज काय झालं” हा प्रश्न सोडला आणि एक महिना एकच गोष्ट धरायला लागलो. एक महिना फक्त हात. एक महिना फक्त ऐकलेली बोलणी, त्यात “तो म्हणाला, ती म्हणाली” एवढंच, बाकी वर्णन नाही. एक महिना असा, की एकही विशेषण वापरायचं नाही. हा सगळ्यांना जड गेला आणि सगळ्यांना सगळ्यात जास्त देऊन गेला. “सुंदर” लिहायचं नाही म्हटल्यावर खिडकीतून काय दिसतं ते खरंच बघावं लागतं.

लिहितो रोज, पण लिखाण पुढे जात नाही

ही तक्रार वर्षाने येते आणि ती रास्त आहे. रोज लिहिल्याने हात मोकळा होतो. त्याने गोष्ट रचता येते असं नाही. माझ्या धंद्यातलं सांगते. आजोबांच्या वेळेपासून हिशेबाला दोन वह्या. रोजकीर्दीत जे जसं घडेल तसं त्या क्रमाने मांडायचं. खतावणीत तेच नोंदवून घ्यायचं, पण ज्याच्या त्याच्या खात्यावर. नुसती रोजकीर्द असेल तर वर्षाअखेरीला कोणाकडून किती येणं आहे ते सांगता येत नाही. आपण रोज लिहिणारे बहुतेक जण फक्त रोजकीर्द ठेवतो.

म्हणून रविवारी अर्धा तास खतावणी. वहीच्या मागच्या बाजूने चार-पाच खाती उघडा. माझी आहेत माणसं, जागा, बोलणी, आवाज-वास, आणि न कळलेल्या गोष्टी. आठवड्यातली पानं वाचून ज्या ओळीत जीव आहे ती तारखेसकट त्या त्या खात्यावर उतरवायची. सगळं नाही. आठवड्याला तीन ओळी निघाल्या तरी भरपूर.

माझ्या “बोलणी” खात्यावर खंडेराव मार्केटमागच्या फुलवालीचं एक वाक्य होतं. मी भाव कमी करायला सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, “सांजे भाव ऊतरशे, पण फूल पण ऊतरी जशे.” म्हणजे संध्याकाळी भाव उतरेल, पण फूलही उतरलेलं, शिळं झालेलं असेल. दुसरीकडे “माणसं” खात्यावर आमचे स्टोअरकीपर होते, निवृत्तीला दोन महिने राहिलेले, रोज दुपारी जेवण झाल्यावर जुन्या पावत्या विनाकारण चाळणारे. दोन्ही नोंदींमध्ये सात महिन्यांचं अंतर होतं. रोजकीर्दीत त्या एकमेकींना कधीच भेटल्या नसत्या. एका रविवारी दोन्ही खाती शेजारी उघडी होती आणि मला गोष्ट दिसली. ती लिहायला तीन आठवडे लागले, तीही रोजच्या एका पानातच. आजवर मी लिहिलेल्यातलं ते मला सगळ्यात आवडतं.

घरातलं कोणी वाचेल म्हणून

हे पानांवर दिसत नाही, पण लिहिणं गुळगुळीत होत जातं. सगळी माणसं चांगलीच वागायला लागतात. एकत्र कुटुंबात वही लपत नाही आणि लपवलेली वही जास्तच वाचली जाते. सरळ सांगून टाकावं की ही माझी सरावाची वही आहे, आणि खऱ्या माणसांची गावं-नाती बदलून तिसऱ्या पुरुषी लिहावं. त्याने गोष्ट लिहिण्याचाही सराव होतो. रेल्वेतल्या काकांचा मार्ग वेगळा आहे. ते कोणी वाचू नये असं वाटलेलं पान मोडी लिपीत लिहितात.

हात चालत नाही

याच काकांचा उजवा हात गेल्या वर्षी थरथरायला लागला. ओळी वर-खाली जायला लागल्या, मग अक्षर त्यांचं त्यांनाच लागेना, आणि ताम्हन पालथं घातल्यावर ते नुसते बसून राहायला लागले. नातीने फोनवर बोलून टाइप करायची सोय लावून दिली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडायची आणि माइकची खूण दाबून बोलायचं. तुकड्या-तुकड्याने, दर वाक्याला थोडं थांबून बोललं तर बरंच बरोबर उतरतं. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात.

दोन महिने त्यांनी तसं केलं. मग रविवारच्या बैठकीत त्यांनी एका पानाची प्रिंट वाचायला घेतली आणि मधेच थांबले. त्यांच्या आईने अगाशीवर वाळत घातलेल्या गव्हाची ती गोष्ट होती. फोनने सगळीकडे “आकाशी” लिहिलं होतं: आकाशीवर गहू, आकाशीवर आई. काकांनी खिशातून पेन काढलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पाचही जागी “अगाशी” असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. वेळ लागला. आम्ही थांबलो. आता ते बोलून लिहितात, आणि नातीने छापून दिलेल्या पानावर जे शब्द फोनला येत नाहीत तेवढे हाताने घालतात, रोज चार-पाच.